स्वस्तातला रेझर, रोजची दाढी आणि माझी मान

खुंटेश्वर

गेली बारा-तेरा वर्षं मी पाच पात्यांचा कार्ट्रिजवाला रेझर वापरतोय. वापरतोय म्हणजे काय, एकेक कार्ट्रिज दीड-दीड महिना पिळून काढतोय. नवं लावायचं म्हटलं की हात आखडतो, कारण चार कार्ट्रिजांच्या पाकिटापेक्षा अख्खा नवा रेझर स्वस्त पडतो. मग बोथट पातं, त्यावर जोर आणि दाढी उरकली की मानेवर लाल पुरळ. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पुरळ म्हणजे दाढीचाच एक भाग, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात कार्ट्रिजने हनुवटीखालचे केस कापायचं सोडून उपटायला सुरुवात केली. त्या दिवशी चिडून सगळ्यात स्वस्त दिसला तो दुधारी ब्लेडचा रेझर घेऊन टाकला. आजोबांच्या डबीत असायचा तसला. सोबत पाच ब्लेड.

यंत्र म्हणून यात काहीच नाही. वर टोपी, मध्ये ब्लेड, खाली पट्टी. टोपीच्या पोटातून निघालेली आट्यांची काडी ब्लेड आणि पट्टीच्या भोकातून खाली येते आणि त्यावर दांडा फिरवून आवळायचा. काट्यावर ठेवला तर ६८ ग्रॅम भरला. प्लॅस्टिकच्या दांड्याला सरावलेल्या हाताला हे चांगलंच जड वाटतं.

पहिल्या दिवशी तीन ठिकाणी रक्त निघालं. एक हनुवटीच्या वळणावर, एक कंठमण्यावर, आणि तिसरं कुठे लागलं ते शर्टाच्या कॉलरवरून कळलं. चूक रेझरची नव्हती. कार्ट्रिजचं डोकं आपोआप वळतं, गाल जाईल तिकडे जातं. याची मान ताठ. वळायचं काम आपल्या मनगटाचं, आणि माझ्या मनगटाला ते काम गेल्या बारा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय सवयीने दाबत होतो.

दुसरा आणि तिसरा दिवस भीतीत गेला. घाबरून इतका हलका हात मारला की अर्धे खुंट जागेवरच. चौथ्या दिवशी एक गोष्ट सुचली. दांडा मुठीत न धरता पार खालच्या टोकाला दोन बोटं आणि अंगठ्यात धरला. तसा धरला की दाबायची सोयच राहत नाही, रेझर स्वतःच्या वजनानेच खाली येतो. टोपी गालाला टेकवायची, दांडा गालापासून सरळ बाहेर. मग दांडा हळूहळू खाली आणायचा. एका जागी खस्स असा बारीक आवाज सुरू होतो. तो कोन. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंश होतात म्हणे, पण आरशासमोर कोनमापक कोण धरणार? कान पुरतो. मी तर आता दाढीच्या वेळी न्हाणीघरातला पंखाही बंद ठेवतो.

आज एकतिसावा दिवस. सुट्टीचे तीन-चार दिवस सोडले तर रोज दाढी केली. पहिल्या आठवड्यात एकूण सात वेळा कापलं, गेल्या दहा दिवसांत एकदाही नाही. मानेवरचं पुरळ बरंच बसलं आहे, गेलं असं म्हणणार नाही. वेळ मात्र वाढला. पूर्वी पाच मिनिटांत व्हायचं, आता नऊ-दहा लागतात.

एक कबुली. कार्ट्रिजने जितकं गुळगुळीत व्हायचं तितकं होत नाही. म्हणजे तीन हात मारले तर होतं, पण मी मारत नाही. एक हात सुलटा, आणि गालावर हवा तर एक आडवा. बस. संध्याकाळी हनुवटीवर हात फिरवला तर किंचित खरखर लागते. समोरच्याला ती दिसत नाही, आणि माझ्या हनुवटीवर हात फिरवणारं मी सोडून कुणी नाही.

आता शंका:
एक म्हणजे, आवळल्यावर ब्लेड एका बाजूने जास्त बाहेर दिसतं. रेझर सदोष आहे की माझंच काही चुकतंय?
दुसरी, एक ब्लेड किती दाढ्या चालवावं?
आणि मानेच्या खालच्या भागाचं काय करावं? तिथे अजूनही घोळ होतो.

आळशी_अजगर

एवढा खटाटोप कशाला? वापरा आणि फेका प्रकारातले दोन पात्यांचे रेझर डझनाने मिळतात. दर आठवड्याला नवा. ना कोन, ना कान. मी आंघोळ करताना आरशाशिवाय दाढी करतो आणि अजून जिवंत आहे.

खुंटेश्वर

अजगरराव, तुमची कातडी अजगराची असेल. मीही तेच केलं होतं कॉलेजात. माझ्या मानेने तेव्हाही असहकार पुकारला होता.

घडीव

ब्लेड तिरकं बसण्याबद्दल. माझं काम धातूच्या ओतकामाचं, म्हणून जरा लांबण लावतो.

स्वस्त रेझरचं डोकं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. वितळलेला धातू दाबाने साच्यात भरतात आणि वर क्रोमचा मुलामा देतात. या धातूत बारीकसारीक आकार छान उतरतो आणि साचा लाखो वेळा चालतो, म्हणून स्वस्त. पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचं डोकं यंत्रावर कातून काढायचं तर वेळही जातो आणि पैसेही. दाढीच्या दृष्टीने यात फरक पडतोच असं नाही. फरक पडतो तो मापांतल्या ढिलाईने. टोपीच्या खुंट्या आणि ब्लेडची भोकं यांच्यात केसभर मोकळी जागा राहिली की ब्लेड तेवढं सरकतं. म्हणजे बहुतेक वेळा रेझर सदोष नसतो, बसवायची पद्धत बदलावी लागते.

टोपी उलटी तळहातावर ठेवा. ब्लेड ठेवा, त्यावर पट्टी ठेवा, दांडा अर्धवट फिरवा. आता ब्लेडच्या ज्या दोन आखूड कडांना धार नसते तिथे चिमटीत धरून ते मध्यावर आणा आणि तसंच धरून आवळा. मग डोकं डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही बाजूंना ब्लेडची सारखीच रेघ दिसते का बघा. नाही दिसली तर पाव फेरा सैल करून पुन्हा. तरीही जमलं नाही तर ब्लेड उलट करून बघा. फरक दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ब्लेडचा, तिथेच राहिला तर डोक्याचा.

अजून एक. ब्लेड फक्त ०.१ मिलिमीटर जाड असतं. ते टोपीखाली वाकवून ताठ केलं जातं, त्या बाकामुळेच ते थरथरत नाही. पट्टी आणि ब्लेडची धार यांच्यात किती फट आहे आणि धार किती पुढे आलेली आहे, यावर रेझर सौम्य की आक्रमक ते ठरतं. फट मोठी असेल तर वाढलेली दाढी पटकन निघते, पण हात कच्चा असेल तर रक्तही पटकन निघतं. रोज दाढी करणाऱ्याने लहान फटीचा, सरळ पट्टीचा घ्यावा. फणीसारखे दाते असलेली पट्टी चार-पाच दिवसांचं रान साफ करायला बरी.

आणि हात जोडून विनंती, दांडा पकडीने आवळल्यासारखा आवळू नका. हा धातू ठिसूळ असतो. स्वस्त रेझर मरतो तो बहुतेक वेळा आट्यांत मरतो. बोटांनी घट्ट लागला की पुरे.

निवांत_२

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. साबणाचा फेस होतच नाही, दोन मिनिटांत गालावर वाळून पापुद्रा. रेझर बदलून उपयोग आहे का, की आधी पाण्याचं बघू?

फेसाळ

आधी पाण्याचंच बघा. शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, त्या धड्याचा आयुष्यात झालेला एकमेव उपयोग म्हणजे दाढी.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणातल्या स्निग्धाम्लांशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते ती हीच. जेवढा साबण साक्यात जातो तेवढा फेसातून वजा. दाढीपुरतं पेलाभर शुद्ध केलेलं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा, फरक तिथल्या तिथे कळेल. तेही नको असेल तर साबणाऐवजी ट्यूबमधलं क्रीम जास्त घ्या.

अंगाचा साबण गालाला चोळून दाढी करणाऱ्यांसाठीही सांगतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि ते सोडियमबरोबर पोटॅशियमच्या अल्कलीनेही साबणात बदललेलं असतं. म्हणून तो मऊ राहतो, पाणी धरून ठेवतो आणि फेस टिकतो. अंगाच्या साबणाचे मोठे मोठे बुडबुडे दिसायला छान, ब्लेडखाली मात्र फुस्स. फेस दह्यासारखा दाट आणि चकाकता हवा. कोरडा, पांढराफटक, कापसासारखा झाला तर पाणी कमी पडलं. ब्रश टोकाशी ओला करून पुन्हा घुसळा. नवशिके नव्वद टक्के वेळा पाणीच कमी घालतात. (नव्वद हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.)

आणि खुंटेश्वर, तुम्ही एवढं लिहिलंत पण दाढी भिजवण्याबद्दल एक अक्षर नाही! केस पाणी पिऊन फुगतो आणि नरम होतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच ब्लेड लावणं म्हणजे कोरडीच दाढी. आंघोळ करून मग दाढी केलीत तर निम्मं काम आयतं होतं.

खुंटेश्वर

मी आंघोळीच्या आधी दाढी करत होतो. आयुष्यभर. उद्यापासून क्रम उलटा.

जुनी_पानं

अवांतर आहे, पण 'स्वस्त रेझर' हा शब्द वाचून राहवलं नाही.

कातडी वाचवणारा रेझर ही कल्पना फ्रान्समधल्या जाँ-जाक पेरे याची. अठराव्या शतकातली. वस्तऱ्याला लाकडाची खोळ, जेणेकरून पातं ठरावीक इतकंच बाहेर येईल. त्याला हे सुचलं सुताराच्या रंध्यावरून. १७६९ मध्ये त्याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तकच छापलं. वर घडीव यांनी सांगितलेली फट आणि बाहेर आलेली धार, हे सगळं रंध्याचंच शास्त्र. रंधा जास्त बाहेर काढला की लाकूड फाडतो.

पुढे १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी आडव्या डोक्याचा, पट्टीवाला रेझर आणला. पण त्याचं पातं वस्तऱ्याच्या तुकड्यासारखं जाड, दर वेळी काढून चामड्यावर परजावं लागे. किंग कॅम्प जिलेटच्या डोक्यात आलं की पातंच इतकं पातळ आणि स्वस्त करावं की परजायची गरजच उरू नये. एवढ्या पातळ पोलादाला धार देणं आणि ते वेडंवाकडं न होऊ देणं जाणकारांना अशक्य वाटत होतं. ते जमवलं विल्यम निकरसन या अभियंत्याने. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पुढच्याच वर्षी ९०,८८४ रेझर आणि १,२३,६४८ ब्लेड. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि युद्धावरून परतलेल्या एका अख्ख्या पिढीला घरी दाढी करायची सवय लागली.

एक गैरसमज मात्र खोडतो. 'रेझर फुकट वाटायचा आणि ब्लेडवर कमवायचं' ही युक्ती जिलेटची म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगतात. प्रत्यक्षात पेटंट चालू होतं तोवर त्याचा रेझर चांगला महाग होता. १९२१ मध्ये पेटंट संपलं, नकला बाजारात येणार हे दिसलं, तेव्हा स्वस्त रेझर आले. म्हणजे खुंटेश्वरांच्या हातातला स्वस्त रेझर ही पेटंट संपण्याची कृपा. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ चं, तीन पात्यांचं १९९८ चं, पाच पात्यांचं २००६ चं. आणि दुधारी ब्लेडवर कुणाचीच मक्तेदारी उरलेली नसल्याने कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही, तिथे दांडा घेतला की त्याच घराण्याशी सोयरीक.

आळशी_अजगर

पहिल्या वर्षी ५१ रेझर? म्हणजे या धाग्यावरच्या शंकांपेक्षा थोडेच जास्त.

कातडीबचाव

मी त्वचेचे रुग्ण तपासते. खुंटेश्वर, तुमच्या पुरळाबद्दल न बघता निदान करणार नाही, पण ऐकीव वर्णन रोजच्या पाहण्यातलं आहे.

अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केसाला जरासं ओढतं आणि तो पुन्हा आत जायच्या आधी मागचं पातं त्याला कापतं. त्यामुळे केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. स्पर्शाला गुळगुळीत लागतं ते त्यामुळेच. सरळ केसांच्या माणसाला याचा सहसा त्रास होत नाही. कुरळ्या, जाड केसाचं टोक मात्र वाढताना कातडीतच घुसतं. शरीर त्याला परका समजून लाल गाठ उठवतं. मानेवर हे जास्त होतं, कारण तिथे केस वाकडेतिकडे उगवतात. म्हणून एका पात्याने, सुलट्या दिशेने, थोडे खुंट ठेवून केलेली दाढी अशा लोकांना मानवते. तुम्ही गुळगुळीतपणाचा हट्ट सोडलात हेच मानेला पावलं असावं, रेझर निमित्त.

दिवसाला दाढी वाढते मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. रोज करणाऱ्याला इतक्याशासाठी तीन-तीन हात मारायची गरजच नाही. मुलाखत असेल त्या दिवशी मारा खुशाल.

मानेसाठी एकच गृहपाठ. दोन दिवस दाढी करू नका आणि मग मानेवर बोट चारी दिशांना फिरवा. जिकडे बोट सरसर जातं ती सुलटी दिशा, जिकडे खरखर अडतं ती उलटी. बऱ्याच जणांच्या मानेवर केस खालून वर, नाहीतर कानाकडे आडवे उगवतात. तुम्ही वरून खाली हात मारत असाल तर स्वतःला सुलटा वाटणारा हात प्रत्यक्षात उलटा पडतोय. कागदावर चेहरा काढून बाण मारा. हसू नका, मी रुग्णांना काढायला लावते.

तीन सूचना, त्यात चेष्टा नाही. रेझर कुणाशीही वाटून वापरू नका, नवऱ्याशी, भावाशीही नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, आणि ब्लेडवरचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर हे प्रयोग नकोत, विजेवरचा शेव्हर बरा. आणि गाठींमध्ये पू होत असेल, किंवा तीळ-मस वारंवार कापला जात असेल तर दाखवून घ्या.

तुरटी लावायला हरकत नाही. ती रक्तातली प्रथिनं गोठवते आणि बारीक नसा आकुंचित करते, म्हणून छोटं कापलेलं थांबतं. तुरटीने झोंबलं म्हणजे कुठे जास्त घासलं गेलं ते कळतं, तेवढी फुकटची परीक्षा. स्पिरिटवाले आफ्टरशेव्ह मात्र कातडी कोरडी असेल तर टाळा.

खुंटेश्वर

बाण काढले. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस चक्क भोवऱ्यासारखे उगवतात. बारा वर्षं मी त्या भोवऱ्यावर नांगर फिरवत होतो.

भिंगवाला

ब्लेड किती दाढ्या चालवावं, यावर कुणी बोललंच नाही.

पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. मग मऊ केस त्याला बोथट कसा करतो? सगळ्यांचा समज असा की धार घासून घासून गोल होते. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी हे बारकाईने पाहिलं, त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. धार झिजलेली नव्हती, तिचे कपचे उडालेले होते. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. केस वाकून तिरका दाब देतो, आणि नेमक्या नाजूक जागी तो आला तर तिथला कण तुटतो. एक खाच पडली की तिच्या कडेला पुढची खाच पडणं सोपं.

यातून मी माझ्यापुरता काढलेला अर्थ असा की ब्लेड हळूहळू म्हातारं होत नाही, त्याचे दात पडतात. म्हणून 'पाचव्या दाढीपर्यंत ठीक होतं आणि सहाव्या दिवशी अचानक ओढायला लागलं' असा अनुभव येतो. राठ दाढीवाल्याला तीन-चार, मऊ दाढीवाल्याला सहा-सात. ओढायला लागलं की त्याच क्षणी बदला, ती दाढी संपवायच्या भानगडीतही पडू नका. तुमचा जोर वाढतो तो तिथेच.

ब्लेड टॉवेलने किंवा अंगठ्याने पुसू नका. धारेवर क्रोमियमसारख्या धातूचा आणि वर टेफ्लॉनच्या जातीचा अतिपातळ लेप असतो. पाण्याखाली धरा, झटका, उभा करून ठेवा. आणि वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. झाकण चिकटवलेल्या पत्र्याच्या डबीला वर चीर पाडा आणि त्यातून आत सोडा. माझी डबी सहा वर्षांत अजून भरलेली नाही.

मैथिली_म

पायांसाठी हा चालेल का? 'बायकांचा' म्हणून गुलाबी दांड्याचा घेतला, तोच रेझर, रंगाचे जादा पैसे.

शाल्मली_वेताळ

मी वापरते, तीन वर्षं झाली. चालतो. फक्त लांब दांड्याचा घे, आणि उभं राहून कसरत करण्यापेक्षा स्टुलावर बस. नडगीवर चुटकीसरशी होतं. गुडघा आणि घोटा या दोन जागा शत्रूच्या. गुडघा अर्धवट वाकवला की कातडी ताणली जाते, पूर्ण सरळ पायावर तिथे सुरकुत्या पडतात आणि ब्लेड अडतं. घोट्यावर इंच-इंच हात मार, घाई केलीस की संपलं. काखेत मात्र मला नाही जमलं. तिथला खळगा आणि हे ताठ डोकं यांचं जुळत नाही, त्यासाठी अजून साधं कार्ट्रिजच ठेवलंय. आणि ओल्या साबणाच्या हाताने ब्लेड कधीच बदलू नकोस. कसं कळलं ते विचारू नकोस.

बाप_माणूस

मुलगा सोळाचा, मिसरूड फुटून वर्ष झालं, आता गालांवरही लव दाट व्हायला लागली आहे. त्याला पहिलाच हा दिला तर?

घडीव

द्या की. हात वळायला लागला की हाच रेझर त्याच्या सवयीचा होतो, उलट आपल्यासारखी दाबायची सवय मोडावी लागत नाही. आधी ब्लेड न लावता, नुसत्या फेसावर आठवडाभर फिरवू द्या. फेस सारखा निघायला लागला की ब्लेड. ब्लेड पहिल्या दिवशी तुम्ही बसवा.

खुंटेश्वर

अहवाल देतो, दोन महिने होत आले. आंघोळीनंतर दाढी, बाणांप्रमाणे मान, पाचव्या दाढीला नवं ब्लेड. पुरळ आता फक्त भोवऱ्याच्या जागी दोन-चार ठिपके. मधल्या काळात प्रवासात गेलो तेव्हा जुनं कार्ट्रिज घेऊन गेलो होतो, कारण सुटी ब्लेडं विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत आणि माझ्याकडे दुसरी बॅग नव्हती. तीन दिवसांत मान पुन्हा पेटली. आधी वाटलं रेझरचा दोष. मग लक्षात आलं, पाच पात्यांचं डोकं हातात आल्याबरोबर मूठ आपोआप वळली होती आणि जोर परत आला होता. चौथ्या दिवशी तेच कार्ट्रिज दोन बोटांत धरून, एकच सुलटा हात मारून बघितलं. बरंच बरं गेलं. म्हणजे एवढी अक्कल बारा वर्षांपूर्वी असती तर नवा रेझर घ्यावाच लागला नसता, हे लिहिताना थोडं जिवावर येतंय. पण पैशांचा हिशोब अजूनही दुधारीच्याच बाजूने आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो खस्स आवाज आवडायला लागलाय.

आता नवी पंचाईत. प्रवासाला जाताना रेझर ओलाच डबीत बंद करून गेलो होतो. आल्यापासून दांडा फिरतच नाहीये. पकड हातात घेतली होती, पण घडीव आठवले आणि खाली ठेवली. व्हिनेगर घालू का?

घडीव

पकड ठेवलीत ते शहाणपण. व्हिनेगर नको. मुलामा कुठे टोचला गेला असेल तर आम्ल आतल्या जस्ताला खाईल. आट्यांत साबणाचा साका वाळून बसला आहे, दुसरं काही नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका आणि डोकं खाली करून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी डोकं जाड फडक्यात धरा, आत ब्लेड आहे हे विसरू नका, आणि रबरी हातमोजा घालून दांडा फिरवा. निघाला की जुन्या टूथब्रशने आटे घासा, कोरडे करा, तेलाचा एक थेंब. यापुढे आठवड्यातून एकदा तिन्ही तुकडे सुटे करून वाळवायचे.

खुंटेश्वर

निघाला! दुसऱ्या रात्रीनंतर. आट्यांत एवढा साका होता की अजून एक दाढी झाली असती.